बैलाचे नऊ तास आणि माणसाचे बारा

सरकारच्या दप्तरात १९६५ सालचा एक नियम आहे. गाडीला जुंपलेल्या किंवा ओझे वाहणाऱ्या जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विसावा दिल्यावाचून सलग पाच तासांवर राबवू नये, आणि जेथे उष्णतामान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्यास जुंपूच नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. नियम चांगला आहे. मुक्या जिवाची काळजी वाहणाऱ्या सरकारास आम्ही मुळीच दोष देत नाही. बैलापुढे वैरण टाकल्याशिवाय आपण भाकरीला हात लावू नये, ही तर आमच्या शेतकऱ्यांच्या घरची जुनी रीतच आहे. परंतु २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील माणसाच्या कामाची दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर, आणि दुकानांतील व कचेऱ्यांतील नोकरांची नऊवरून दहावर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा आम्हास हा बैलाचा नियम आठवला. बैलास नऊ आणि माणसास बारा, हे गणित कोणत्या शाळेत शिकवितात?

यात भिण्यासारखे काही नाही, असे आम्हास सांगण्यात येते. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामास दुप्पट मजुरी आहे, आणि कामगाराची लेखी संमती घेतल्यावाचून काही होणार नाही, असा खुलासा केला जातो. आठवड्याचे तास कायम असले तरी माणूस दमतो तो दिवसाच्या हिशेबाने. बाराव्या तासाला यंत्रात गेलेले बोट शनिवारच्या सुटीने परत येत नाही. आणि संमतीचे म्हणाल तर तो शब्द आमच्या घरांत फार जुन्या ओळखीचा आहे. सावकाराच्या ओटीवर कोऱ्या कागदाखाली उमटविलेला अंगठा, तोही संमतीचाच होता! ज्याची भाकरी ठेकेदाराच्या हातात आहे, ज्यास उद्या 'येऊ नकोस' म्हणावयास कोणास कारण सांगावे लागत नाही, त्याने संमती दिली काय आणि न दिली काय, सारखेच.

तेव्हा हा विसावा आमच्या पदरात आला कसा, कोणी मिळविला, आणि कोणाच्या पदरात तो अद्याप पडलेलाच नाही, याचा हिशेब एकदा मांडावयास पाहिजे. राजेलोकांच्या लढायांच्या तवारिखा पुष्कळ झाल्या. रयतेने अंग केव्हा टेकले, हे लिहिण्यास मात्र कोणास फुरसत झाली नाही.

गिरण्या येण्यापूर्वी आमच्या विसाव्यास घड्याळ नव्हते, ऋतू होता. मृग लागला की शेतकरी आणि त्याचे बैल यांस उसंत म्हणून नाही. पेरण्या उरकल्या की वारकरी आषाढीस पंढरीची वाट धरी. सुगी आटोपली की जत्रांचे दिवस येत. चैत्रात शिंगणापूर आणि जोतिबा येथे आमच्या सासनकाठ्या आणि कावडी नाचत. नागपंचमीस नांगर धरावयाचा नाही, विळी-विळा चालवावयाचा नाही. बेंदराला किंवा पोळ्याला बैलाच्या खांद्याला जू लावावयाचे नाही. कित्येक गावांत अमावास्येस औत बंद. सुताराचा वाकस, लोहाराची ऐरण, विणकराचा धोटा ही खंडेनवमीस पूजेला लागत, आणि पूजेला लागलेल्या हत्याराकडून त्या दिवशी काम घ्यावयाचे नाही. हे सारे देवाच्या नावाने चाले, पण त्यातली खुबी अशी की, देवाच्या नावाने घेतलेली सुटी पाटलालाही मोडता येत नसे. कायदा नव्हता, पण रीत होती, आणि रीतीची जरब कायद्याहून कमी नव्हती. आठवड्याच्या बाजाराचा दिवस हाही अर्धा कामाचा आणि अर्धा विसाव्याचा. मीठमिरची घ्यावयाची आणि त्याच खेपेस लेकीच्या सासरची खबर ऐकावयाची, असा तो दिवस असे.

हे चित्र रंगवून पुष्कळ विद्वान जुन्या खेड्याचा स्वर्ग करून दाखवितात. आम्हास ते कबूल नाही. बैलास पोळ्याची सुटी होती, पण पुरणाच्या पाट्यावर बसलेल्या घरधनिणीस नव्हती. आणि वेसकर महारास तर पोळाही नव्हता, पंचमीही नव्हती. गावाची राखण, सरकारी टपाल, आल्यागेल्या कामगारांचे घोडे, मेलेले जनावर ओढणे, ही त्याची चाकरी रात्रंदिवसाची. १८७४ च्या वतन कायद्याने ती चाकरी जशीच्या तशी बांधून ठेवली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. वतने खालसा होण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. चोवीस तासांची चाकरी आणि मोबदला म्हणजे बलुत्याची मूठ, हा ज्यांच्या वाट्याचा जुना गाव होता, त्यांच्यापुढे जुन्या फुरसतीची गाणी गाऊ नयेत हे बरे.

शिवाय सणासुदीच्या विसाव्यावर दोघांची नजर असे. भिक्षुक दक्षिणेसाठी दारात उभा राही, आणि सावकार त्याच सणाचा खर्च कर्जाच्या खात्यावर लिही. प्रत्येक सणावारी शेतकऱ्याच्या घरातून काय काय निघून जाते याची यादी जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये अशी मांडली आहे की, वाचणाऱ्यास आपल्याच घरचे खातेपुस्तक उघडल्यासारखे वाटते. पुढे इंग्रज अधिकारीही म्हणू लागले की, कुणबी लग्नकार्यांत आणि सणांत पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यानंतर बसलेल्या दख्खनच्या दंग्यांच्या कमिशनला मात्र चौकशीअंती कबूल करावे लागले की, या लग्न-सणांच्या खर्चास वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. म्हणजे सारा, व्याज आणि दुष्काळ यांनी मोडलेला माणूस वर्षातून चार दिवस हसला, तर त्याचे हसणेच त्याच्या कर्जाचे कारण ठरत होते! गरिबाच्या विसाव्यास गुन्हा ठरविण्याची ही तऱ्हा लक्षात ठेवावी. पुढे ती गिरणीतही भेटणार आहे.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली निघाली आणि १८५६ साली ताडदेवास तिचे सूत निघू लागले. पुढच्या तीस वर्षांत कोकणातून आणि घाटावरून, रत्नागिरी-साताऱ्याच्या डोंगरकपाऱ्यांतून, आमची हजारो माणसे तेथे गेली. जाताना त्यांनी तांब्या-घोंगडी नेली, पण आपले सणवार त्यांस नेता आले नाहीत. गिरणीस मृग नाही की सुगी नाही. दिवस उगवला की साचा सुरू, दिवस मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा तर पाळीही मोठी. मधे सुटी आलीच तर तिचा अर्धा दिवस यंत्रे पुसण्यात जाई. १८८१ साली सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला, तो फक्त पोरांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये आणि त्यास महिन्यास चार सुट्या द्याव्यात, एवढेच त्यात होते. सात वर्षांच्या पोराने नऊ तास राबावे, ही त्या काळची दया! मोठ्या माणसांविषयी, बायांविषयी, एक अक्षर नव्हते.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातील हा माणूस. प्रथम रेल्वेत व टपालखात्यात नोकरी, नंतर मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर. गिरणी आतून कशी चालते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास काढलेले 'दीनबंधू' पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईत हाती घेतले. १८८४ च्या सप्टेंबरात परळ भागात त्यांनी गिरणीकामगारांच्या दोन सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाहाव्यात. रविवारी पुरी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर दुखापत झाल्यास माणूस बरा होईपर्यंत त्याची मजुरी चालू राहावी. यात राज्य मागितले नव्हते, गिरणी मागितली नव्हती. दुपारी भाकरी बसून खाता यावी, एवढे मागितले होते. त्याकरिता सहा वर्षे झगडावे लागले.

या सभांतून उभ्या राहिलेल्या संघटनेस ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी, ना नियमांचे पुस्तक. आजच्या युनियनवाल्यांस त्याचे हसू येईल. पण २४ एप्रिल १८९० रोजी लोखंड्यांनी सभा बोलाविली तेव्हा सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. १८९० साली, हजारो पुरुषांसमोर, गिरणीतल्या बाया बोलल्या! त्यांची नावे सांगावयास आज आमच्याजवळ नाहीत, पण त्यांनी मागितलेली सुटी मात्र आज सारा महाराष्ट्र भोगतो आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास ही दोन्ही कलमे आली, आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणून बांधले गेले. रविवार हा साहेबांचा वार, तो आम्ही उसना घेतला, असे कोणी म्हणतात. त्यांनी जेजुरीच्या वाटेवर जाऊन पाहावे. खंडोबाचा वारही रविवारच आहे, आणि घाटावरच्या कामगारास तो दिवस मुळीच परका वाटला नाही. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगाच्या साथीत रोग्यांची सेवा करीत असता वारले. २००५ साली सरकारने त्यांचे टपालाचे तिकीट काढले. त्यावर शिक्का मारणाऱ्या टपाल-कारकुनास आपला रविवार कोणी मिळवून दिला हे ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

रविवार मिळाला, परंतु उरलेले सहा दिवस मालकांच्या ताब्यात तसेच राहिले. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळण्याचा जो एक नैसर्गिक अडसर होता तोही निघाला. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या गिरण्या चौदा चौदा, पंधरा पंधरा तास चालू लागल्या. ज्याचा दिवस पंधरा तासांचा, त्याचा रविवार झोपण्यातच जाणार. तेव्हा १९०८ च्या सुमारास कमिशन बसले. तेथे मालकांनी आणि त्यांच्या कैवाऱ्यांनी काय सांगावे? येथील कामगार चौदा तास काम करतोच कोठे! तो घटकाघटकाने बाहेर जातो, विडी ओढतो, आवारात बसून भाकरी खातो, न्हाव्यापुढे डोके देतो, अंघोळ करतो. त्यास टंगळमंगळीची सवयच आहे, तेव्हा तासांची मर्यादा घालण्याचे कारण नाही.

वाचकहो, हा युक्तिवाद नीट ध्यानात घ्या, कारण तो आजही मेलेला नाही. ज्या माणसास न्हाव्याकडे जावयास दिवसात दुसरी वेळच ठेवली नाही, तो गिरणीच्या आवारातच डोके देणार. ज्यास जेवणाची सुटी अर्ध्या तासाची, आणि घर तासाभराच्या वाटेवर, तो आवारातच खाणार. आधी त्याची फुरसत काढून घ्यावयाची, मग ती त्याने तुकड्यातुकड्याने चोरली की त्यास आळशी म्हणावयाचे, आणि तो आळशी आहे म्हणून आणखी तास वाढवावयाचे! लेखी विसावा श्रीमंताचा असला तर ती रजा, गरिबाने न विचारता घेतला तर ती टंगळमंगळ. त्या कमिशनात एका सभासदाने आपले वेगळे मत लिहून ठेवले आणि मोठ्या माणसांच्याही कामाच्या तासांस कायद्याने मर्यादा घाला असे स्पष्ट बजावले. ते मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर. हेच नायर पुढे १९१६ साली जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले, ही गोष्ट आमच्या ब्राह्मणेतर वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांस बारा तासांची मर्यादा लागली. १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत असता आलेल्या बिलाने १९४६ साली नऊ तास व आठवड्याचे ४८. बारावरून नऊवर उतरण्यास पस्तीस वर्षे लागली. नऊवरून पुन्हा बारावर चढण्यास मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली.

फुरसत मिळाली तर हे लोक दारू पितील, तमाशाला जातील, असे म्हणणारे तेव्हाही होते. काही प्यायले, काही तमाशाला गेले. साहेब क्लबात जातो आणि शेटजी नाटकाला जातो, तेव्हा त्याची कोणी चौकशी करीत नाही. पण त्याच रविवारी लालबाग-परळच्या चाळींत गावोगावच्या मंडळींची भजने झाली, आखाडे घुमले, गावी धाडावयाच्या मनिऑर्डरी आणि पत्रे लिहिली गेली, आणि एकाने वाचावे व वीस जणांनी ऐकावे अशी वर्तमानपत्रे वाचली गेली. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसाचे काम संपल्यानंतरच्या दोन घटकांवरच उभी होती. त्या दोन घटका नसत्या तर शाळा नसती. सत्यशोधक जलसे रात्रीचे, कारण दिवसा शेतकरी मोकळा नव्हता. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले, ते बाभळीच्या सावलीत निजणाऱ्या ऐतखाऊंकरिता नव्हे. नांगर धरणाऱ्या मनगटास चार घटका स्वतःकरिताही झगडता यावे म्हणून. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी पोवाडे आणि कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणत्या वेळेत लिहिल्या? मालकाच्या वेळेत खचित नव्हे.

आता आमच्याच घरांकडे वळू, कारण येथे आम्हास आमच्याच वाचकांशी दोन शब्द कडक बोलावयाचे आहेत. ज्या रविवारासाठी बायांनी सभेत भाषणे केली, तो रविवार बायांच्या वाट्यास आला काय? गिरणीवाला घरी राहिला म्हणजे घरी दोन भाकरी जास्त, धुण्यास एक जोडा जास्त. २०२४ च्या सरकारी पाहणीत असे आढळले की, घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदला घरकामात घालविते, आणि जो पुरुष घरकामास हात लावतो तो ८८ मिनिटे. जो हातच लावीत नाही त्याचा या ८८ त हिशेबही नाही! पहाटेच्या जात्यावर बाया ओव्या म्हणत, त्यावरून त्यांस केवढी फुरसत होती असे काही रसिक लिहितात. फुरसत नव्हती म्हणूनच ओवी जात्यावर म्हणावी लागली. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जाते सुटले, परंतु ती वाचलेली घटका बाईस मिळाली नाही. ती खुरपणीच्या मजुरीस गेली. मालकाविरुद्ध नऊ तासांचा हक्क सांगणाऱ्याने घरात सोळा तास राबणारीचा हिशेब चुकवू नये. रविवारी संध्याकाळचा स्वयंपाक पुरुषाने केला तर धर्म बुडत नाही. वारीत दिंडीच्या तळावर पुरुष चुली पेटवितातच की!

शेतकऱ्याच्या रात्रीचीही तीच गत. विहिरीवर मोट होती तेव्हा बैल दमले की माणूसही थांबे. विजेचा पंप आला तो थांबत नाही, पण वीज थांबते, आणि तिची पाळी पुष्कळदा मध्यरात्रीची येते. कारखान्यास दिवसा वीज आणि शेतकऱ्यास रात्री, ही वाटणी वर्षानुवर्षे चालली. त्यामुळे थंडीत, साप-विंचवाच्या आणि आता बिबट्याच्या भयात, शेतकरी दारे धरावयास जातो आणि सकाळी पुन्हा कामास लागतो. दिवसा वीज देण्याकरिता २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. ज्या गावात ती पोहोचली तेथील शेतकरी पहिली गोष्ट पिकाची सांगत नाही, झोपेची सांगतो.

मुंबईच्या गिरण्यांचे १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. लोअर परळच्या एका गिरणीच्या जागी आता शहरातील लोक फुरसत घालविण्याकरिता जातात असा मोठा बाजार आहे. तेथे फुरसत विकली जाते. पण ती विकणाऱ्या पोरी आणि दारावरचे पहारेकरी यांनी पाळीभर उभे राहावयाचे, अशीच अशा बाजारांची सर्वत्र रीत पडली आहे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानातील नोकरास बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्याचासुद्धा कायदा करावा लागतो, मग निजण्याचा केव्हा होणार?

परंतु सर्वांत बिकट स्थिती कोयत्याची आहे, आणि तिच्यात दोष झाकावयास आम्हास गिरणीचा शेटजी सापडत नाही. ऊसतोडीस बीड, जालना, अहिल्यानगर या बाजूंची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्यातच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची. एक दिवस काम चुकले तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. ट्रक मध्यरात्री आला तर मध्यरात्री मोळ्या भरावयाच्या. पोर आजारी पडले तरी खाडा, बाईची पाळी आली तरी खाडा. हा खाडा टाळण्याकरिता, कामात अडचण नको म्हणून, बीड जिल्ह्यातील तरण्या बायांनी गर्भाशये काढून टाकली, अशी ओरड झाली, आणि २०१९ साली सरकारास चौकशीची समिती नेमावी लागली. विसाव्याचा एक दिवस मिळत नाही म्हणून बाईने पोटाचा अवयव द्यावा, याहून जबर किंमत विसाव्यास कोठे पडली असेल असे आम्हास वाटत नाही. ज्या गाडीतून ऊस जातो तिच्या बैलास १९६५ चा नऊ तासांचा नियम आहे. शेतमजुरीचे नाव किमान वेतनाच्या कायद्यात १९४८ पासून होते, पण तो कागद फडापर्यंत पोहोचला नाही.

आणि हा फड कोणाचा? सहकारी साखर कारखाना प्रवरानगरास १९५० साली सुरू झाला तेव्हा आमच्या शेतकऱ्याने शेटजीवाचून कारखाना चालवून दाखविला, याचा आम्हास अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. आज त्या कारखान्यांचे सभासद आमचे, संचालक आमचे, चेअरमन आमच्याच आळीतले. लोखंड्यांनी ज्या मालकांपुढे अर्ज ठेवला ते परके होते असे म्हणून सुटता येत होते. येथे मालकही आम्हीच आहोत. तोडणीचे मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, असे संचालक सांगतात. मुंबईचे गिरणीवालेही जॉबरकडे बोट दाखवून हेच सांगत असत.

कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा गळीत हंगामापूर्वी भरतात. आमच्या ज्या वाचकांच्या नावावर उसाचा एक जरी शेअर असेल, त्यांनी तेथे भाव आणि काटा यांच्याबरोबर आणखी एक ठराव मांडावा. तोडणीच्या करारात आठवड्यास एक दिवस बिनखाड्याचा लिहावा. बाईस महिन्यास दोन दिवस बिनखाड्याचे लिहावेत. रात्री दहानंतर मोळी भरावयास लावू नये. आणि करार मुकादमाच्या वहीत न राहता प्रत्येक कोयत्याच्या हातात त्याची प्रत असावी. अध्यक्ष वेळ नाही म्हणतील. त्यांस म्हणावे, ठराव लांब नाही, चार ओळींचा आहे. आणि वाचण्यापूर्वी सभेस जनावरांचा १९६५ चा नियम एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.